सातबाऱ्याची घंटा

तालुका केळापूर, तहसील मात्र पांढरकवड्याला. नवखा माणूस केळापुरात उतरतो, जगदंबेचं दर्शन घेतो आणि तहसील शोधत फिरतो. शेवटी कोणीतरी त्याला हायवेकडे बोट दाखवतं. लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये याला सिमलिंक म्हणतात. पाटी इथं, माल तिथं. त्यामुळे हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं १९९१ साली जगात सोडलेलं हे लिनक्स आमच्या घरी आलं, तेव्हा मला ते नात्यातलंच वाटलं.

आणलं पुतण्यानं. जुना डबा होता, नव्या विंडोजनं त्याला केव्हाच वाळीत टाकलेलं. "काका, हे फुकट आहे अन् याले व्हायरसबी सहसा नाही लागत." फुकट म्हटल्यावर मी पुढचं ऐकत नाही.

डबा बोलका निघाला. ओळीच्या सुरुवातीला येऊनही बॅकस्पेस दाबलं, की पीं. टॅब दाबला आणि त्याला काही सुचलं नाही, की पीं. स्पीकरची वायर उपटली तरी पीं, कारण हा आवाज स्पीकरचा नव्हेच. डब्याच्या आत शर्टाच्या गुंडीएवढा भोंगा असतो, त्याचा. रात्री साडेअकराला तो वाजला की आतून बायको विचारणार, "इन्व्हर्टर काहून बोंबलून राह्यलं जी?"

या पींची कुळकथा गमतीची आहे. टेलिप्रिंटरच्या काळात तार आली की डुलकी घेणाऱ्या ऑपरेटरला उठवायला यंत्रात खरीखुरी घंटा असे. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आणि हुकमांना नंबर वाटले गेले, त्यात घंटेला मिळाला ७ आणि कागदाचं नवं पान ओढण्याला १२. सात आणि बारा! त्या समितीत आमच्याकडचा एखादा निवृत्त तलाठी बसला होता, अशी माझी दाट शंका आहे. आमच्या गाव नमुना ७ वर मालक कोण ते लिहिलेलं असतं, १२ वर पीक कोणतं ते. पण कचेरीत उभं राहिल्यावर अर्थ अमेरिकेतलाच लागतो. सात म्हणजे घंटा, बारा म्हणजे नवीन कागद आणा.

माझंच बघा. दोन एकरांचं ०.८१ हेक्टर होतं, ते टायपिंगमध्ये ०.१८ झालं. एका कचेरीत कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज दिला. दोन वेळा नवा कागद आणला. मग तक्रार केली. चारच दिवसांत मोबाइलवर मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' शेत अजून ०.१८ च.

हे कसं करतात ते मला पुतण्यानं भोंगा बंद केला तेव्हा समजलं. 'सुडो आरएममॉड पीसीएसपीकेआर' एवढंच त्यानं टाइप केलं आणि पीं बंद. पण ते पुढच्या वेळी डबा सुरू होईपर्यंतच. कायमचं हवं असेल, तर त्या नावाला ब्लॅकलिस्टमध्ये टाकायचं. बॅकस्पेस माझं अजूनही चुकतं, पण आता कोणी बोंबलत नाही.

बंद होताना मात्र लिनक्स फार सभ्य. 'शटडाउन प्लस १०' म्हटलं की लॉगिन केलेल्या सगळ्यांना दवंडी जाते. शेवटची पाच मिनिटं नव्या माणसाला दार बंद. (कचेरीत हे जेवणाच्या सुट्टीआधी पाऊण तास होतं.) मग प्रत्येक कामाला विनंती, 'आवरा.' जो आवरत नाही त्याला साधारणपणे ९० सेकंद, पडद्यावर सेकंदांची मोजणी, आणि नंतर सरळ मानगूट. कधीकधी एखाद्या कामापुढे 'नो लिमिट' असं झळकतं. तिथं माझा अर्ज आठवतो.

पुतण्यानं मोठ्या कौतुकानं दहा मिनिटं लावली. तिसऱ्या मिनिटाला लाइन गेली. यूपीएसनं गळा काढला. याला कुठल्या ब्लॅकलिस्टमध्ये टाकायचं ते कोणत्याच पुस्तकात नाही. सातव्या मिनिटाला त्याचीही बॅटरी संपली आणि हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न तेवढे ऐकू यायला लागले.

लाइन आली रात्री दोनला. डब्यात काय सेटिंग होतं कोण जाणे, तो आपोआप सुरू झाला आणि पुन्हा एकदा, पीं.

"बंद केलतं नं तुमी?" बायको अंधारातूनच.

पुतण्या उठून बसला. "काकू, भोंगा तोच, पन हे लिनक्सचं नाही. लिनक्स सुरू व्हायच्या आधी मशीन स्वतःले तपासते. एकदाच वाजलं म्हंजे सगळं ठीक आहे म्हनते."

"कोनाचं?" बायको म्हणाली आणि कूस बदलून झोपली.