‘आईच पाहिजे!’

हैदराबादमध्ये दिलसुखनगरला साईबाबा मंदिराजवळच्या एका मराठी घरात बाप रात्री साडेनऊला पोचतो. हायटेक सिटीतली नोकरी, अमीरपेटला मेट्रो बदलायची, घरी येईतो जीव मेटाकुटीला. अडीच वर्षांचं पोर दारातच ओरडतं, “तू नको! आईच पाहिजे!” बापाचा चेहरा पडतो आणि आजी निकाल देऊन टाकते, “याला बापाची मायाच नाही.”

आजी, असं म्हणू नका. पोर झोपेला आलंय. दिवसभर ज्या हातांनी भरवलं, धुतलं, थोपटलं तेच हात ते मागतंय. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या 60 बाळांचा अभ्यास शाफर आणि इमर्सन यांनी 1964 साली प्रसिद्ध केला. बहुतेक बाळांचा ओढा आधी एकाच माणसाकडे होता, पण दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागला होता. तोही केवळ सहवासाच्या तासांवर ठरत नव्हता, तर हाकेला कोण ओ देतं यावर ठरत होता. उशिरा घरी येणाऱ्या बापांनी हे नीट वाचावं.

बिघडतं कुठे, ते रविवारी सकाळी दिसतं. बाप सँडलचा पट्टा लावतोय, पोर पाय झाडतं, “आईने लाव!” आणि आई कणकेच्या हातांनीच धावत येते. किंचाळलं की बाबा बाजूला होतो, हे पोराने तिथल्या तिथे ओळखलं. आईने जागचं हलू नये. बापाने शांतपणे सांगावं, “आई पोळ्या करतेय, आज मी लावणार.” रडेल. रडू द्यावं, जवळ बसावं आणि पट्टा लावावा. रुसू नये, चॉकलेटची लाच तर मुळीच देऊ नये.

शिस्तीचा घोळ याहून मोठा. दिवसभर नाही-नाही म्हणून थकलेली आई शेवटी म्हणते, “थांब, बाबांना येऊ दे, सांगते!” झाला बापाचा बागुलबुवा, शेजारच्या तेलुगू घरात त्यालाच बूचोडु म्हणतात. मग रात्री पोर त्याच्याकडे झेपावेल कसं? ज्याने ‘नाही’ म्हटलं त्यानेच ते निभवावं आणि दुसऱ्याने ते मोडू नये. चापटीने पोर घाबरून गप्प बसतं, एवढंच. शाळेतल्या मारावर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आली. घरात मात्र तो अजून संस्कार म्हणून खपतो.

सगळा दोष आई-बापांचाही नाही. आईला 2017 पासून 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस, आणि खासगीत कंपनी देईल तेवढी. सुरुवातच अशी असेल तर बापाने निदान एक काम रोज पूर्ण स्वतःकडे घ्यावं. रात्री जमत नसेल तर पोराची सकाळची आंघोळ घ्यावी आणि तेवढा वेळ आईने न्हाणीघरात डोकावू नये. चार-दोन दिवस आरडाओरडा होईल. बापाने माघार घेऊ नये.

आणि पाहुण्यांनो, सोफ्यावर बसून “तुला जास्त कोण आवडतं, आई की बाबा?” हे विचारणं बंद करा. नुकत्याच बोलायला लागलेल्या पोराला आई-बापात निवड करायला लावू नका.