आईशप्पथ, मार्था!

नोएडात भांडायला कुत्रा, लिफ्ट आणि पार्किंग एवढे तीन विषय पुरत होते. आता चौथा आला आहे : बॅटमॅननं ऐन वेळी भाला का आवरला? ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन : डॉन ऑफ जस्टिस’ २५ मार्च २०१६ रोजी लागला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. कानामागचा गुलाल न धुता तो पाहून आलेली पोरं आज घराचे हप्ते भरतात, केस काळे करतात आणि रात्री अकरा वाजता टॉवर बीच्या खाली याच प्रश्नावर एकमेकांची कॉलर धरतात. गार्ड मध्ये पडत नाही. त्याची ड्यूटी बारा तासांची आहे आणि तीत गॉथम येत नाही.

प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. सुपरमॅन चीत. क्रिप्टोनाइटचा भाला उगारलेला. आणि तो कण्हत म्हणतो, मार्थाला वाचव. बॅटमॅन गडबडतो, कारण त्याच्या दिवंगत मातोश्रीही मार्थाच. तेवढ्यात सुपरमॅनची मैत्रीण धावत येते आणि हे त्याच्या आईचं नाव असल्याचा खुलासा करते. संपलं वैर. एक पक्ष म्हणतो, परग्रहावरच्या प्राण्यालाही आई असते हे बॅटमॅनला त्या क्षणी दिसलं. दुसरा विचारतो, मग तिचं नाव सुलोचना असतं तर भोसकला असता का? तिसरा पक्ष लांबड्या आवृत्तीवाल्यांचा. चित्रगृहात आला तो चित्रपट १५१ मिनिटांचा. यांच्याकडे तीन तासांचा आहे, आणि ‘तो पाहिल्याशिवाय बोलू नका’ याखेरीज ते काहीच बोलत नाहीत. पाहिला. अर्धा तास जादा घालवूनही मार्था मार्थाच राहते.

माझी शंका फार खालच्या पातळीवरची आहे. मरताना आईचा नावानं उल्लेख कोण करतो? आईला नाव असतं हेच आपल्याला शाळेचा फॉर्म भरताना कळतं. छातीशी भाला आलेला मराठी मुलगा फार तर ‘आई गं!’ म्हणेल, आणि तेही तिला वाचवा म्हणून नव्हे. बॅटमॅननं त्याकडे लक्षही दिलं नसतं. आजवर त्यानं झोडपलेला प्रत्येक गुंड काहीतरी असंच ओरडला असणार. दिल्लीचा मुलगा म्हणाला असता, ‘भाई, मम्मी को बचा ले.’ त्यावर बॅटमॅन : ‘किसकी?’

आणि दिल्लीत मुळात हा उपाय उलटाच पडायचा. इथं आई हा भांडणाचा शेवट नसतो, मंगलाचरण असतं. लक्ष्मीनगरच्या चौकात स्कूटीचा आरसा ई-रिक्षाला घासला की पहिल्या वाक्यात समोरच्याची आई येते, दुसऱ्यात बहीण, आणि हात चालतात ते त्यानंतर. इथल्या बॅटमॅननं मातोश्रींचं नाव ऐकलं असतं तर ‘मां पे मत जा!’ म्हणत भाल्याच्या जोडीला डिक्कीतून हॉकी स्टिक काढली असती. हात आवरायला लावायचे तर इथं बाप लागतो. ‘तू जानता नहीं मेरा बाप कौन है’ या एका वाक्यावर टोलनाका उघडतो, चलन फाटायचं थांबतं, शाळेत प्रवेश संपलेले असताना एक जागा निघते. सुपरमॅनची इथं पंचाईतच. त्याचे एक वडील क्रिप्टनवर गेले, दुसरे चक्रीवादळात. दोघांपैकी एकाचीही मंत्रालयात ओळख नाही.

बॅटमॅनचं गणितही बघा. हा शत्रू असण्याची शक्यता एक टक्का असली तरी ती शंभर टक्के धरायची, म्हणून मारायचा. चाहते याला तत्त्वज्ञान म्हणतात. नोएडात, गुडगावात सोसायटीच्या गेटवर हे तत्त्वज्ञान रोज संध्याकाळी अमलात येतं : कामवाल्या बायका घरी निघाल्या की त्यांच्या पिशव्या उघडायला लावतात. सी-१२०४ च्या साहेबांनी बँकेचं काय केलं ते विचारू नका, पण त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या पिशवीतला पोळीचा डबा मात्र गार्डनं उघडून बघायचा. आणि रजिस्टरमध्ये तिचं नाव काय? ‘मेड, सी-१२०४’. वर्षानुवर्षं ती येते, साहेबांचं पोर तिच्या कडेवर मोठं झालं, तेच पोर आता खाली उभं राहून नावाचं सामर्थ्य या विषयावर तावातावानं बोलतंय, आणि त्याला विचारा की त्या मावशींचं नाव काय रे? तो म्हणणार, ‘दीदी.’ जिला नावच ठेवलेलं नाही तिच्यावर भाला उगारला तर आवरणार कोण? या बॅटमॅनांना तीन तासांची आवृत्ती पाहायला वेळ असतो.

आईच्या नावाला किंमत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. किंमत आहे, आणि ती बरोबर दोन टक्के आहे. दिल्लीत घर पुरुषाच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क सहा टक्के, बाईच्या नावावर चार. त्यामुळे रजिस्ट्रीच्या दिवशी मम्मीजींना शाल पांघरून, हाताला धरून आणतात. ‘यहां साइन करो, मम्मी.’ मम्मी साइन करतात. घर त्यांचं, दारावरची पाटी मुलाची, आणि त्यांची स्वतःची खोली म्हणजे जिच्यात वॉशिंग मशीन ठेवलंय ती. एक टक्का संशयावर जीव घ्यायला निघालेला नायक आणि दोन टक्के सवलतीवर आई आठवणारा सुपुत्र, यांत दुसऱ्याची प्रेरणा मला अधिक पटते. पटकथेत कुठं फट म्हणून नाही.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांनी मिशीत हसू नये. ‘आमच्याकडे बघा,’ असं म्हणायला १ मे २०२४ पासून आपल्याला कागदोपत्री आधार मिळाला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. उत्तम झालं. पण आईचं कुठलं नाव? लग्नात ताटभर तांदळांवर अंगठीनं नवं नाव गिरवून जुनं मोडीत काढण्याची हौस आपलीच ना? माहेरची शकुंतला सासरी सुप्रिया होते. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं, आणि दोन्ही एकाच बाईची आहेत हे पटवायला गॅझेट, प्रतिज्ञापत्र आणि खिडकीमागच्या माणसाचं खेकसणं. त्यातून ती वाचली तर चाळीत तिला ‘पिंट्याची आई’ म्हणतात. मराठी सुपरमॅन समजा चुकून म्हणालाच, ‘शकुंतलेला वाचव,’ तरी मराठी बॅटमॅन ढिम्म हलला नसता. त्याची आई त्याला ठाऊक आहे ती सुप्रिया. भाला आरपार. मग पुढे कधीतरी एखाद्या मुंजीत, पंगतीत शेजारी बसलेल्या मामानं जिलबी मोडता मोडता सहज सांगितलं असतं, ‘तुझी आई आमच्याकडे शकूच हो, तुला ठाऊक नाही?’ तोवर सुपरमॅनचं वर्षश्राद्धसुद्धा उरकलेलं.