स्क्रॅप कमिटीचे अध्यक्ष

सरकारी कारखान्यातला माणूस निवृत्त होऊन घरी येतो, तेव्हा कारखानाही त्याच्या मागोमाग घरात शिरतो. बंगळूरात ही जमात मुबलक आहे. एचएमटी, बीईएल, एचएएल, आयटीआय अशा अक्षरांवरून ती ओळखली जाते. अक्षरं कळली की नाव विचारायची गरज उरत नाही. आमचे आप्पा, म्हणजे आईचे वडील, एचएमटीचे. टूल रूम. 1966 साली मिरजेहून मीटरगेजच्या गाडीत बसून जालहळ्ळीला रुजू झाले आणि 2001 साली निवृत्त झाले, असं कागदोपत्री म्हणतात. आजीचं म्हणणं, फक्त जालहळ्ळीला जाणं थांबलं.

घर कोरमंगलात. ऐंशीच्या आगेमागे बीडीएकडून मिळालेली फॉर्टी-सिक्स्टी साईट. (बंगळूरात प्लॉट म्हणत नाहीत, साईट म्हणतात, आणि चाळीस बाय साठच्या पुढे 'फूट' लावणाऱ्याला बाहेरचा समजतात.) साईट मिळाली तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, त्या रानात राहणार कोण? 2004 साली त्या रानात मॉल आला. 2007 साली इथल्याच एका फ्लॅटमध्ये दोन तरुणांनी फ्लिपकार्ट नावाचं पुस्तकांचं ऑनलाइन दुकान काढलं, तेव्हापासून रानात झाडांपेक्षा कंपन्या जास्त. आप्पांच्या डाव्या हाताच्या बंगल्यात कॅफे आहे, उजव्या हाताला पीजी. दर महिन्याला लॅपटॉप पाठीला लावलेलं कोणीतरी पोरगं गेटाशी येऊन विचारतं, "अंकल, हाऊस फॉर लीज?" आप्पा त्याला आत बोलावतात, चहा देतात, कंपनी काय बनवते ते विचारतात. ॲप, असं उत्तर आलं की म्हणतात, "ते कळलं. वस्तू काय बनवते?"

तर हे घर सोडायचं ठरलं. आजीचे गुडघे आणि घरातला जिना यांचं पटेनासं झालं होतं, आणि मामाच्या सोसायटीत सरजापूर रोडला अकराव्या मजल्यावर एक फ्लॅट मिळत होता. आप्पांचा विरोध नव्हता. सरकारी माणूस विरोध कधीच करत नाही, तो मुदत मागतो. एजीपुऱ्याच्या उड्डाणपुलाचं काम 2017 साली सुरू झालं, तेव्हा म्हणाले, पूल होऊ दे, रस्ते मोकळे झाले की हलू. पुलाने जी साथ दिली ती पोटच्या मुलाने दिली नसती. वर्षानुवर्षं नुसते खांब उभे, आप्पा रोज सकाळी फिरायला जाऊन ते मोजून यायचे आणि समाधानाने सांगायचे, "नाही, अजून नाही."

पूल पुरेना तेव्हा व्यंकोजीराजे आले. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर व्यंकोजींकडे आली, ते तंजावरला जाऊन बसले, इथला कारभार लांब पडू लागला, म्हणून त्यांनी बंगळूर तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकायला काढलं. बोलणी चालू असतानाच 1687 साली मोगलांनी ते जिंकलं आणि त्याच भावाने म्हैसूरला देऊन टाकलं. ही गोष्ट आप्पा घर घ्यायला आलेल्या बिल्डरला सांगत. बिल्डर पालघाटचा. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "सो सर, व्हॉट इज युवर एक्स्पेक्टेशन?"

शेवटी मामाने तारीखच ठरवली आणि मला पुण्याहून मदतीला बोलावलं. चार दिवसांची रजा टाकून मी गेलो. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर आजीचं आवरून झालेलं. देवघर, पोळपाट-लाटणं, दोन पातळांच्या पिशव्या, औषधांचा डबा. "मला काय, दोन तासांचं काम," म्हणाली. आप्पांनी मात्र जेवणानंतर एक वही काढली आणि स्क्रॅप कमिटी स्थापन केली.

ज्यांनी सरकारी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे कोणतीही वस्तू टाकून देता येत नाही. ती आधी कंडेम करावी लागते. त्याला समिती लागते, समितीला कोरम लागतो, वस्तू निकामी का झाली याचं कारण लागतं आणि खाली सह्या. आप्पा अध्यक्ष, आजी सदस्य, मी सदस्य-सचिव. हॉलमध्ये खडूने दोन चौकोन आखले: एक 'बेकु', दुसरा 'बेडा'. म्हणजे हवं आणि नको. सामान उचलायला येणाऱ्या माणसांना एवढं कन्नड पुरतं आणि आप्पांनाही.

"आप्पा, ही किल्ली कशाची?"

"लॅम्ब्रेटाची."

"लॅम्ब्रेटा तुम्ही 1984 ला विकलीत ना?"

"गाडी विकली. किल्ल्या दोन होत्या, व्यवहारात एकच लिहिली होती."

बेकु.

पंख्याचे तीन जुने रेग्युलेटर, लाकडी ठोकळ्यासकट. बेकु, कारण एकदा उघडून बघायचेत. ट्रंक कॉलच्या पावत्या. बेकु, ऑडिट. एचएमटीची सात घड्याळं, त्यांतली पाच बंद. इथे मी काही बोललो नाही. जी कंपनी 1961 पासून घड्याळं करत होती तिचा घड्याळांचा कारभार गुंडाळायचा निर्णय 2016 साली दिल्लीने घेतला, त्या दिवशी आप्पांनी सातही घड्याळांना किल्ली दिली होती, असं आजीने मला सांगून ठेवलं होतं. पाच चालली नाहीत. मग ते व्हर्नियर घेऊन बाल्कनीत बसले. व्हर्नियरने घड्याळ दुरुस्त होत नाही, पण हातात 0.02 मिलिमीटरपर्यंत खरं बोलणारं काहीतरी असलं की त्यांना बरं वाटतं.

दोन दिवसांच्या बैठकांनंतर बेडाच्या चौकोनात एक छत्री होती. तीही आजीने आपल्या अधिकारात टाकलेली. इतिवृत्तात तिच्यापुढे 'मंजुरी प्रलंबित' असा शेरा.

तिसऱ्या दिवशी काठी निघाली.

ही काठी समजून घ्यायची तर बंगळूरचं घर समजून घ्यावं लागतं. इथे घर बांधताना आधी संप खणतात, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, ते चढवत चढवत आणतात, आणि ते येईल तेव्हा येतं, म्हणून साठवायचं. आप्पांनी संप स्वतः उभं राहून बांधून घेतला, दहा हजार लिटरचा. मग सागवानाची एक पट्टी घेऊन तिच्यावर पाचशे-पाचशे लिटरला खाच पाडली. खाचा मोजमापाने नाही पाडलेल्या. बादलीबादलीने पाणी ओतून, प्रत्येक पाचशेला थांबून. दोन दिवस लागले. खाचांच्या कडा आता गुळगुळीत झाल्यात आणि हजाराच्या खाचांत भरलेला लाल ऑइलपेंट अजून दिसतो.

2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या बोअरवेली आटल्या आणि टँकरवाले राजे झाले, तेव्हा या काठीचं राज्य आलं. एकाने सहा हजार लिटर ओतले म्हणून पैसे मागितले. आप्पांनी काठी बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली आणि म्हणाले, "पाच हजार दोनशे." टँकरवाला म्हणाला, "सार, स्वल्प अडजस्ट माडी." आप्पा म्हणाले, टूल रूममध्ये अडजस्ट करायला वेगळा स्क्रू असतो. पुढचे दोन महिने गल्लीतले लोक टँकर आला की आप्पांना बोलवायला यायचे, कॅफेवाली मुलंसुद्धा.

"अहो, पण आता ही अकराव्या मजल्यावर कशात बुडवणार?" आजीने विचारलं.

"असोसिएशनच्या टाकीत."

"तिच्या खाचा वेगळ्या नाही का पडणार?"

आप्पा गप्प झाले. हा तांत्रिक मुद्दा होता, आणि तो सदस्याने काढला, अध्यक्षांनी नाही. बराच वेळ काठी आडवी धरून ते तिच्या सरळपणाकडे एक डोळा मिटून बघत राहिले. मग म्हणाले, "दुसरी बाजू कोरी आहे."

बेकु.

चौथ्या दिवशी ट्रक आला. सामान उचलणारा पोरगा बेडाच्या चौकोनातली छत्री हातात घेऊन विचारू लागला, "अज्जा, इदु बेडवा?" आप्पांना त्याच्या चेहऱ्यात काय दिसलं कोण जाणे, म्हणाले, चांगली आहे, एक काडीच मोडलीय. छत्रीही ट्रकमध्ये चढली. 341 नगांची यादी, तीन प्रतींत, कार्बन घालून. ड्रायव्हरची सही घेतली. त्याने कन्नडात केली, म्हणून बाजूला इंग्रजीत नाव लिहून घेतलं.

मामाला खरी धास्ती पुढची होती. सरजापूर रोडच्या त्या सोसायटीत नियम फार: सामान दहा ते पाचच्या दरम्यानच, सर्व्हिस लिफ्टनेच, आधी परवानगी, डिपॉझिट, गेटवर नोंद. येणारा प्रत्येक जण तिथे सुरक्षारक्षकाशी भांडतो. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या पुढे एक जोडपं भांडतच होतं. सुपरवायझर आमच्याकडे वळला आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "सामान का लिस्ट है?"

आप्पांनी दुसरी प्रत काढून दिली.

त्याने पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग खुर्ची पुढे सरकवली. अर्धा तास दोघं गेटवर बसून नग मोजत होते. वर आले तेव्हा आप्पांचा चेहरा मी कोरमंगलात चार दिवसांत पाहिला नव्हता इतका खुललेला. "इथे सिस्टिम आहे," मामाला म्हणाले. "गेट पास रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल वेगळे नाहीत एवढंच. सांगितलंय त्याला."

आजी स्वयंपाकघरात उभी होती. आमटीच्या फोडणीला तेल तापलं होतं, मोहरी तडतडली. ती हात पुसत मागच्या दाराकडे वळली आणि काचेपाशी थांबली. काचेपलीकडे अकरा मजले रिकामी हवा आणि समोरच्या टॉवरचे वाळत घातलेले कपडे. कढीपत्त्याचं झाड कोरमंगलाला, संपाच्या झाकणाशेजारी.

"ते यादीत नाही," आप्पा हॉलमधून म्हणाले. "स्थावर."

तिने गॅस बंद केला. मी मोबाइलवरून कढीपत्ता मागवला. दहा मिनिटांत एक मुलगा बेल वाजवून प्लॅस्टिकचं पाकीट देऊन गेला. आजीने एक पान काढलं, चुरगळून हुंगलं, आणि पाकीट फ्रिजमध्ये ठेवून दिलं. आमटी त्या दिवशी तशीच झाली.

आप्पा तोवर त्या मुलाच्या मागे लिफ्टपर्यंत गेले होते. चलन मागायला.