‘देवाची कृपा’ कुठल्या कोशात आहे, ते सांगा

बाळांच्या नावांची यादी करून तिच्यात मनाचे अर्थ भरणाऱ्या महाशय,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची मला सवय आहे. या पत्रात तो लिहीत नाही. तुमचं नाव मला ठाऊक नाही, कारण घराघरांतल्या लेकरांची नावं ठरवणाऱ्या तुम्ही स्वतःचं नाव यादीखाली कुठंच टाकलेलं नाही. माझी पहिली तक्रार तीच.

मी सोनाळ्याचा. तालुका संग्रामपूर, सातपुड्याच्या पायथ्याचं, घाटाखालच्या मुलखातलं गाव. प्राथमिकच्या पोरांना शिकवतो. रोज सकाळी हजेरी घेतो, म्हणजे तुमची यादीच वाचतो म्हणा ना. शिवांश, रियांश, देवांश, श्रेयांश. कियान, विहान. आरोही, आराध्या, अन्वी, आर्वी, शिवन्या, मायरा. आर्वी हे वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याचं गाव. पहिल्यांदा हे नाव कानावर आलं तेव्हा पोरगी तिकडून आली असेल असं मला वाटलं होतं. तुमच्या यादीत त्याचा अर्थ ‘शांती’ असा दिलाय.

आता जे घडलं ते सांगतो. तिसरीच्या वर्गाला मी घरचा अभ्यास दिला होता, ‘माझं नाव’ या विषयावर पाच ओळी. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. एका पोरानं शिसपेन्सिलीनं, खोडरबरानं दोनदा खोडून, कागद पातळ होईस्तोवर लिहिलं होतं : माझं नाव कियान आहे. त्याचा अर्थ देवाची कृपा. माझ्या मम्मीनं मोबाइलमध्ये पाहून ठेवलं. पाचव्या ओळीखाली त्यानं गणपती काढला होता आणि बाजूला एक लहान पोरगा, हात जोडलेला.

‘छान’ असा शेरा मारून मी पुढची वही घ्यायला हवी होती. पण शब्द दिसला की कोश उघडायची खोड मला आहे. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश १८९० सालचा. त्यात ‘कियत्’ आहे आणि त्याचा अर्थ ‘केवढा, किती’ असा आहे. या कियत्‌चं पुल्लिंगी प्रथमेचं एकवचन कियान्. म्हणजे संस्कृत म्हणून पाहिलं तर त्या लेकराचं नाव ‘किती?’ असं आहे. फारसीत कियान हा शब्द इराणच्या पुराणकाळच्या राजवंशाशी जोडलेला आहे, आणि तो चांगला अर्थ आहे. तोच लिहिला असता तर मी तुम्हाला हे पत्र लिहिलं नसतं. पण ‘देवाची कृपा’ ना संस्कृतात, ना फारसीत. ती तुम्ही घातली.

मग मी वर्गातली उरलेली नावं घेऊन बसलो. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड पाहिले. शिवांश, देवांश ठीक आहेत, शिवाचा अंश, देवाचा अंश, संधी सरळ आहे. आराध्या म्हणजे जिची आराधना करावी ती, हेही खरं. अमिताभ बच्चन यांच्या २०११ च्या नोव्हेंबरात जन्मलेल्या नातीचं हे नाव आमच्या गावातही पोचलं, आणि पोचलं ते अर्थासकट. पण रियांश? अंश कशाचा? तुम्ही ‘विष्णूचा अंश’ लिहिलंय. ‘रि’ किंवा ‘रिया’ म्हणजे विष्णू हे तुम्हाला कोणी सांगितलं? अकरावे जैन तीर्थंकर श्रेयांसनाथ. त्यांच्या नावातल्या ‘स’चा तुम्ही ‘श’ केला आणि तिथंही एक अंश काढला. राजस्थानात मामा भाचीच्या लग्नात जो आहेर आणतो त्याला मायरा म्हणतात, तुमच्याकडे मायरा म्हणजे ‘लाडकी’. शिवन्या हे २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘नागिन’ मालिकेतल्या नायिकेचं नाव. पोरीच्या आईनं तसं मोकळेपणानं सांगितलं असतं की मला ती मालिका आवडायची, तर त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण तुम्ही तिच्या हातात ‘शिवाची शक्ती’ दिली, आणि खरी गोष्ट तिला सांगताच आली नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो. मी नव्या नावांच्या विरुद्ध नाही. जुन्या नावांच्या आठवणीनं गळा काढणाऱ्यांतलाही मी नाही. कचरू, दगडू, धोंडू ही नावं कुठून आली ते मला माहीत आहे. काही घरांत लेकरं जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये अशा हेतूनं ती ठेवली जात. आणि काही वस्त्यांना चांगलं नाव ठेवायची मुभाच नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर आमच्या वऱ्हाडातल्या घराघरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा जन्मले. त्या आईबापांतल्या कितीकांना अक्षरओळख नव्हती. पण सिद्धार्थ कोण, सुजातेनं कोणाला खीर दिली, हे त्यांना सांगता येत होतं. लेकरू शाळेतून घरी आलं की विचारायचं, आणि बाप सांगायचा. नवं नाव असं ठेवतात.

नकुशीची गोष्टही तुम्हाला माहीत असेल. मुलगी नको होती हे मुलीच्याच नावात लिहून ठेवायचं. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात अशा २८५ मुलींनी जाहीर समारंभात आपली नावं बदलून घेतली. कोणी ऐश्वर्या झाली असेल, कोणी वैशाली. त्या नावांची खिल्ली उडवायची माझी छाती नाही. नाव बदलणं म्हणजे काय असतं हे त्या मुलींना आपल्या दोघांपेक्षा जास्त कळतं.

म्हणूनच तुमचा राग येतो. आपल्याला जे नाव मिळालं त्याहून चांगलं लेकराला मिळावं म्हणून आई तुमच्याकडे येते. तिचं स्वतःचं नाव बेबी, पंचफुला, नाहीतर शाळेत कोणीतरी घाईत लिहिलेलं काहीतरी. तिच्या हाती एक मोबाइल, आणि बाराव्या दिवसाच्या आत नाव ठरवायचं. पूर्वी हे काम आत्याकडे होतं. पाळण्यापाशी वाकून कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. ते नाव घरातलं असायचं. पणजोबाचं, कुलदैवताचं, गावच्या संताचं. आमच्याकडे सोनाजी महाराजांचं देवस्थान, म्हणून सोनाजी. तिकडे शेगाव जवळ, म्हणून गजानन. शाळेतलं जुनं दाखलखारीज रजिस्टर उघडलं की पानोपानी गजानन सापडतात. एकाच वर्गात तीन गजानन असले की मास्तर बापाच्या नावानं हाक मारत. नावं कमी होती, त्यांत काही ओबडधोबड होती, पण कोणाचंच नाव खोटं नव्हतं.

घाटावरचं सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातलं. जिजाऊंचं माहेर. जिजा, शंभू, स्वराज ही नावं आता वर्गात येतात. संभाजी महाराजांवरची मालिका २०१७ ते २०२० टीव्हीवर होती, त्यानंतर ही नावं वाढली. टीव्हीवरून आली म्हणून काही बिघडलं नाही. शंभू नावाच्या पोराला विचारा, तो छाती काढून सांगतो. रियांशला विचारलं की तो तुमची ओळ म्हणतो.

आणि आजीचं काय? आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची जीभ कियानवर वळत नाही. ‘केवन’ म्हणतात, ‘क्यान’ म्हणतात. मग नातू हसतो, आणि दुसऱ्यांदा तसं झालं की आजी त्याला नावानं हाक मारणंच सोडून देते. हे मी दोन-तीन घरांत डोळ्यांनी पाहिलंय. नातवाचं नाव घ्यायला आजीनं लाजावं, असं सोनाळ्यात मी तरी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

तुमच्याकडून मला एकच हवं आहे. नावापुढे भाषा लिहा. संस्कृत, फारसी, अरबी, मालिकेतलं, सिनेमातलं, जे असेल ते. आणि जिथं अर्थ नाही तिथं ‘नुसतं ऐकायला गोड’ असं लिहा. आया समजूतदार असतात. गोड म्हणूनही त्या नाव ठेवतील आणि लेकराला तसंच सांगतील. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर बापाच्या नावाआधी आईचं नाव येतं. पहिलं नाव लेकराचं, त्याला लागून आईचं. तिच्या नावाला खेटून तुमची थाप बसू नये, एवढंच.

पालकसभेला कियानची आई आली होती. वेचणीचे दिवस होते, कापसाच्या रानातून थेट आली, बोटांना बोंडांचे ओरखडे. वही दाखवली. पोराचं अक्षर पाहून तिला आनंद झाला. मग तिनं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. बारशाची पत्रिका. मधोमध पोराचं नाव, आणि खाली कंसात, सोनेरी शाईत, देवाची कृपा. आठ वर्षं जपून ठेवलेली.

‘सासरा सोनाजी म्हणत होता गुरुजी,’ ती म्हणाली. ‘म्याच नाही म्हटलं. म्हटलं, माह्या पोराच्या नावात देव पायजे.’

सोनाजी महाराजांच्या गावात ती हे सांगत होती. मी वही मिटली. माझा चेहरा तिला दिसला असावा, कारण तिनं लगेच विचारलं, ‘काहून जी? अर्थ बरोबर नाही काय?’

मी म्हणालो, पाहून सांगतो.

अजून सांगितलेलं नाही. शाळेच्या फाटकापाशी ती दिसते, पोराला सोडायला येते, आणि मी हजेरीपटात डोकं घालतो. तिला काय सांगायचं ते तुम्हीच लिहून पाठवा. आणि या वेळी खाली तुमचं नाव लिहा.

तुमची यादी रोज सकाळी मोठ्यानं वाचणारा,
एक शिक्षक
सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा