प्रोजेक्टसम्राटांस अनावृत पत्र

परमपूज्य रेडीमेड प्रोजेक्टवाले काका,
नवी मुंबई



शालेय विज्ञान प्रदर्शनांचा परीक्षक या नात्याने आपले आभार मानायचे राहूनच गेले होते. आपल्या कृपेने एक ज्वालामुखी पाहिला की सगळ्या शाळांचे पाहून होतात. रंग तोच, धूर तोच, 'मॅग्मा'चं स्पेलिंगही तसंच चुकलेलं. 'प्लास्टिकमुक्त शहर' तर आपण थर्माकोलमध्ये काय सुबक घडवता!

पण आपली खरी कलाकृती म्हणजे लिंबाची बॅटरी. एका लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचला की पुरता एक व्होल्टही हाती लागत नाही. लाल एलईडीला दोनच्या आसपास लागतात. म्हणजे पोराने घरी खटाटोप केला असता तर दिवा लागलाच नसता. मग त्याने खिळा घासला असता, आईची बोलणी खाऊन आणखी लिंबं एकापुढे एक जोडली असती, एलईडीचे पाय उलटे लावून पुन्हा वैतागला असता. एवढा मनस्ताप आपण वाचवलात! लिंबाखाली बटन सेल दडवण्याची युक्ती तर व्होल्टालाही सुचली नव्हती. "तार काढली तरी दिवा चालूच कसा?" असं मी एका चिरंजीवांना विचारलं. "काकांनी हे पाठ करायला दिलं नव्हतं," ते म्हणाले.

खारफुटीबद्दलही ऋणी आहे. हिरव्या स्पंजची तिवरं, त्यांत प्लास्टिकचे रोहित. खऱ्या खाडीत ओहोटीला चिखलातून वर आलेली श्वासमुळं सीवूड्सच्या पोरांना हाकेच्या अंतरावर दिसतात, पण बूट खराब होतात. शिवाय 'भरतीत ही मुळं काय करतात?' असं एखादीने विचारलं, तर उत्तर शिक्षकांना शोधावं लागणार.

वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुलांनी स्वतः पाहावं, करावं, विचारावं, म्हणून केंद्राच्या जयश्री रामदास यांनी 'स्मॉल सायन्स'ची पुस्तकं लिहिली. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला १९७२ साली १६ शाळांत असाच उद्योग सुरू झाला होता. २००२मध्ये सरकारने तो गुंडाळला. पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन तिथे गेलेल्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्यांतून भूमिती उभी केली. काय हा कंजूसपणा! विज्ञानाला काही प्रतिष्ठा नको? आपल्या संचाला कशा पाचशेच्या नोटा शोभतात.

अर्थात सगळं श्रेय आपल्यालाच देणं बरं नव्हे. शाळा सोमवारी फर्मान काढते, बुधवारी मॉडेल हवं असतं, म्हणून पालक मंगळवारी रात्री आपल्या दारात. आणि चकचकीत दिसेल त्याला पहिला नंबर देणारे काही परीक्षकही आहेतच. आपण बिचारे नुसती मागणी पुरवता.

आपला कृपाभिलाषी,
एक परीक्षक

ता. क. : यंदा मुलांनी आमच्यासमोर मॉडेल सुटं करून पुन्हा जोडायचं, असं ठरतंय. न चाललेल्या मॉडेललाही गुण आहेत. का चाललं नाही, एवढं सांगता आलं पाहिजे. असं न चालणारं मॉडेल आपल्याकडे तयार मिळेल काय? घाऊक दर कळवावा.