सतराशे मीटर आणि पंचेचाळीस अंश

जळगावच्या धावपट्टीची लांबी १,७०० मीटर आहे आणि मे महिन्यात तिथला पारा ४५ अंशांना टेकतो. खानदेशच्या विमानसेवेविषयी बोलायला उभं राहणाऱ्याने हे दोन आकडे आधी पाठ करावेत. ते पाठ नसल्यामुळेच प्रत्येक सभेत एकच आरोळी उठते, 'जळगावला मोठं विमान कधी?' आणि व्यासपीठावरून प्रत्येक वेळी तेच उत्तर येतं, 'लवकरच'. प्रश्न चुकीचा आहे आणि उत्तर खोटं आहे.

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंच. पण ४५ अंशांच्या दुपारी विमानाला तिथली हवा साडेचार हजार फुटांवरची वाटते, म्हणजे महाबळेश्वराच्या उंचीवरची. वैमानिक प्रत्येक उड्डाणाआधी हा हिशेब मांडतो: तापमान, वारा, धावपट्टी, वजन. पहिले तीन त्याच्या हातात नसतात, म्हणून तो चौथ्याला हात घालतो. सामान खाली उतरतं, नाहीतर माणसं. एअरबस ए३२० पुरती भरली की ७८ टनांच्या घरात जाते. त्या वजनानिशी, त्या उन्हात, १,७०० मीटरवरून तिला उडता येत नाही. एटीआर ७२ पुरतं भरून २३ टन. त्याला ही धावपट्टी बऱ्यापैकी पुरते.

म्हणून मी एटीआरच्या बाजूचा आहे आणि ते ठणकावून सांगतो. 'पंख्याचं विमान' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा त्याच्या वैमानिकांचं बोलणं ऐकावं. ते त्याच्या खोडी सांगतात आणि सांगताना त्यांचा जीव त्या विमानात किती गुंतलाय हेही कळतं. चढायचं मागच्या दारातून आणि बहुतेक सामान पुढे, वैमानिकांच्या पाठीमागे. माणसं मागून चढू लागली की वजन शेपटीकडे जातं, त्यामुळे विमान उभं असताना शेपटीखाली टेकू लावावा लागतो आणि निघण्याआधी तो आठवणीने काढावा लागतो. मोठ्या विमानांच्या शेपटीत जमिनीवर वीज आणि थंडावा देणारं एक छोटं वेगळं इंजिन असतं. एटीआरला ते नाही. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावतात आणि इंजिन चालूच ठेवतात. पातं स्थिर, आत इंजिन गुरगुरतंय, विमानात दिवे लागलेत. वैमानिक याला 'हॉटेल मोड' म्हणतात. मागून जोराचा वारा असेल तर ही सोय वापरता येत नाही, म्हणून विमान कुठे तोंड करून उभं करायचं याचाही विचार करावा लागतो. जळगावच्या उन्हात जमिनीवर उभं असताना आतला गारवा लवकर जाणवत नाही, ही प्रवाशांची तक्रार खरी आहे. हवेत गेलं की ते सतरा-वीस हजार फुटांवरून जातं. जेट बऱ्याच पावसाळी ढगांच्या माथ्यावरून निघून जातं, एटीआरला त्या ढगांना वळसा घालत किंवा त्यांच्यातून धक्के खात जावं लागतं.

आणि तरीही जळगाव ते मुंबई, पुणे, अहमदाबाद एवढ्या पल्ल्याला याहून शहाणं विमान नाही. इंधन कमी पितं, सत्तर-बहात्तर माणसांत भरतं. एकशेऐंशी आसनांची एअरबस रोज कोण भरणार? लोकांना विमानाच्या आकाराशी काही घेणं नाही. मुंबईच्या रुग्णालयात तारीख मिळाली आहे, त्या दिवशी विमान असेल की नाही, एवढंच त्यांना हवं असतं.

नेमकं तेच मिळालेलं नाही. मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या या विमानतळाचं उद्घाटन केलं. पुढची पाच वर्षं नियमित प्रवासी विमान आलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून एअर डेक्कनचं १८-१९ आसनांचं बीचक्राफ्ट आलं. मुंबईत उतरायला सोयीची वेळ मिळेना आणि काही महिन्यांतच ते बंद पडलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर आलं. लोकांना सवय लागली, मधे कोरोना आला, आणि २०२२ मध्ये पैशांच्या अडचणीत कंपनीच थांबली. दोन वर्षं पुन्हा सामसूम. मग २०२४ मध्ये गोव्याच्या 'फ्लाय ९१'ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं आणि अलायन्स एअरने मुंबई. दोघांचीही एटीआरच.

या बंद पडण्याचं खापर आपल्याकडे 'प्रवासी मिळत नाहीत' यावर फोडतात. मला ते मान्य नाही. 'उडान'चं अनुदान एका मार्गाला तीन वर्षांसाठीच असतं. तेवढ्यात मार्गाने पाय रोवायचे असतात, आणि मधेच सेवा खंडित झाली की प्रवासी रेल्वेकडे परततो. पण त्याहून खोल कारण विमानांच्या आणि वैमानिकांच्या संख्येत आहे. मोजकी विमानं असलेल्या कंपनीचं एक विमान सुट्या भागासाठी अडकलं की, वैमानिकांच्या भाषेत 'एओजी' झालं की, कुठल्या तरी गावाची फेरी रद्द होते. मुंबई-हैदराबादसारख्या शहरांची होत नाही. आपली होते.

विमानांची खरेदी पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानं मागवली, जूनमध्ये इंडिगोने ५००, जानेवारी २०२४ मध्ये अकासाने १५०. एकूण १,१२०. वर्तमानपत्रांनी पानं भरली. त्या १,१२० विमानांत एकही एटीआर नाही, दुसरं कुठलंही पंखेवालं विमान नाही. इंडिगोने २०१७ मध्ये ५० एटीआर मागवली होती, तो मोठा आकडा तिथेच राहिला. देशाच्या विमानखरेदीत सतराशे मीटरवाली गावं मोजलीच गेलेली नाहीत. आपल्या खासदारांनी संसदेत विचारायचा प्रश्न हा आहे.

वैमानिकांचंही तेच. नवा मुलगा किंवा मुलगी एटीआरवर सहवैमानिक होते, तास जमवते आणि एअरबस किंवा बोइंगची जागा निघाली की जाते. तिला दोष देता येत नाही. पगार तिथे जास्त आहे, कर्ज डोक्यावर आहे. लहान कंपनी मात्र कायम शिकवत राहते आणि मोठी कंपनी तयार माणूस उचलते. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक केली. वैमानिक त्यावर चिडतात, आणि त्यांच्या जागी कुणीही चिडेल. पण ती नोटीस नसती तर लहान गावांची वेळापत्रकं आणखी लवकर कोसळली असती. मोठ्यांनाही माणसं पुरत नाहीत हे डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. वैमानिकांना पुरेशी विश्रांती देणारे नियम लागू झाले आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम आधीच जाहीर झालेले होते. थकलेल्या वैमानिकाच्या हातून उडण्यापेक्षा विमानतळावर रात्र काढलेली बरी, पण ती रात्र प्रवाशांवर लादणाऱ्या नियोजनाला माफी नाही.

आता धुळ्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त सल तिथे आहे.

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून प्रवासी विमान उडत नाही, शिकाऊ विमानं मात्र उडतात. १९२८ साली जुहूला सुरू झालेला, जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये जिथे परवाना मिळवला तो बॉम्बे फ्लाइंग क्लब मुंबईच्या गर्दीच्या आकाशातून इथे प्रशिक्षणाला आला. शिरपूरला खाजगी धावपट्टी आहे, प्रशिक्षण संस्था आहे. २०२१ मध्ये केंद्राने प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यांत जळगाव होतं. यामागे साधं कारण आहे. तापीचं खोरं सपाट, वर्षातले आठ महिने आकाश स्वच्छ, मोठ्या विमानांची वर्दळ नाही. सकाळी हवा शांत असते. दुपारी काळी जमीन तापून हवा उसळू लागते, तोवर मुलांची बरीच उड्डाणं उरकलेली असतात. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यांतले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर विमान चालवून, आणि एक लांब उड्डाण साडेपाचशे किलोमीटरचं. हे तास आपल्या कपाशीवर, केळीच्या बागांवर, सातपुड्याच्या कडेने भरतात. खाली शेतात पोरं अजूनही हातातलं काम टाकून ओरडतात, "ईमान उनं रे भो!"

ओरडणाऱ्या पोरांपैकी त्या विमानात किती बसतात? प्रशिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास जातो. नोकरीसाठी विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण घ्यायचं तर आणखी लाखो रुपये. २०२३ मध्ये देशात सोळाशेच्या वर व्यावसायिक परवाने दिले गेले आणि येत्या दहा-पंधरा वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील असं सरकार सांगतं. दोन्ही आकडे जाहिरातींत येतात. परवाना मिळूनही वर्ष-दोन वर्षं नोकरीची वाट पाहत घरी बसलेली मुलं जाहिरातीत येत नाहीत. कंपन्यांना कॅप्टन कमी पडतात, आणि कॅप्टन हजारो तासांनी घडतो. नुकताच परवाना मिळालेला मुलगा ती उणीव भरून काढू शकत नाही. शेत विकायला निघालेल्या बापाला हा फरक कुणीतरी समोर बसवून सांगायला हवा.

खानदेशाने या आकाशासाठी नुसती जागा दिलेली नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून उडालेलं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. गाडी पोचेल असा रस्ता नव्हता. आदिवासी पाड्यातले लोक पावसात धावले. एका बाईने अंगावरची साडी झोळीसाठी काढून दिली, बांबूला बांधलेल्या त्या झोळीतून मुलीला डोंगर उतरवून खाली आणलं. सरकारी यंत्रणा पोचण्याआधी हे सगळं झालं. त्या पाड्यांवरच्या मुलांचा या धंद्यावर हक्क आहे असं मी म्हणतो तेव्हा मला उपकाराची भाषा अभिप्रेत नाही.

रस्ता नाही असं नाही. राज्य सरकारच्या 'महाज्योती' संस्थेने इतर मागास आणि भटक्या समाजांतल्या मुलांसाठी व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत आणली. मग आदिवासी विकास विभागाने साक्री, शिरपूर, चोपडा, नंदुरबारच्या मुलांसाठी तशीच योजना गोंदूरला, शिरपूरला, जळगावला का आणू नये? धावपट्ट्या इथे आहेत, विमानं इथे आहेत. वैमानिकाइतकीच गरज विमानं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांची आहे. त्याला अर्ध्या कोटीचा खर्च नाही, आणि जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा अभ्यासक्रम आणण्याचा साधा प्रस्तावही जोरात मांडलेला माझ्या कानावर नाही.

ज्या घरात आज बारावीचं पोर वैमानिक व्हायचं म्हणतंय त्यांच्यासाठी, योजना येवोत न येवोत, एवढं: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. सगळ्यात आधी वर्ग दोनची वैद्यकीय तपासणी करा, मग वर्ग एकची. डोळे, कान, हृदय यांत काही निघालं तर ते पैसे भरण्याआधी कळू द्या. महासंचालनालयाचे पेपर ७० टक्क्यांना सुटतात, ते शक्य तितके घरी बसून आधी सोडवा. संस्थेत जाल तेव्हा चकचकीत कार्यालय पाहू नका. चालू स्थितीत विमानं किती, प्रशिक्षक किती, आणि मागच्या वर्षी एका मुलाला २०० तास भरायला किती महिने लागले, हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर सातबारा परत पिशवीत घाला आणि पुढच्या संस्थेत चौकशी करा.