खिडकीवाले नाना

आमच्या सोसायटीचे खजिनदार नाना बँकेत कॅशियर होते. तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. दुपारचे दोन वाजले की रांगेत पेन्शनवाली म्हातारी असो नाहीतर मॅनेजरचा मेव्हणा, खिडकी बंद म्हणजे बंद. तेच नाना आज संगणकावरची एक खिडकी मिटवायला तयार नाहीत.

सोसायटीने हिशोबासाठी ब्राउझरमध्ये चालणारं एक ॲप घेतलंय. त्यात ‘पावती पाहा’ दाबलं की पावतीची पीडीएफ नव्या खिडकीत उघडते. आम्ही बेचाळीस बिऱ्हाडं. रविवारी सकाळी नाना कार्यालयात बसले की अकराच्या आत वरच्या पट्टीतले टॅब लोकलमधल्या चौथ्या सीटसारखे चेपलेले. नावं दिसेनाशी होतात, नुसती चिन्हं उरतात, तीही सगळी एकसारखी. तळमजल्याची पावती शोधताना तिसरा मजला दोनदा भेटतो.

“नाना, झालेल्या बंद करा की.”

“आणि गेली म्हणजे?”

समोर दिसतो तोच मूळ कागद आणि खिडकी मिटली की तो फाटला, असा नानांचा पक्का समज आहे. पावती सर्व्हरवर असते, शंभरदा मागितली तरी मिळते, हे सांगून मी दमलो. त्यांनी शांतपणे विचारलं, “सर्व्हर तू डोळ्यांनी पाहिलायस?” नाही पाहिलेला.

दोष एकट्या नानांचा नाही, हेही खरं. ॲप लिहिणाऱ्याने उघडणाऱ्या खिडकीला काहीतरी एक नाव ठेवलं असतं, तर दर वेळची पावती त्याच खिडकीत येऊन बसली असती. गड्याने तिथे लिहिलं ‘ब्लँक’, आणि प्रत्येक पावतीने वेगळी चूल मांडली. त्यात नव्या खिडकीत ‘मागे’चं बटण मुकं, कारण तिला मागचं काही नसतंच. नाना ते लिफ्टच्या बटणासारखं दाबत राहतात.

कधी उलटंही होतं. ॲप पावती बनवण्यात वेळ घालवतं आणि मग खिडकी उघडायला जातं. ब्राउझर पडला वॉचमनच्या जातीचा. माणसाने स्वतः दार ढकललं तर सलाम. पण माणूस गेल्यावर बऱ्याच वेळाने दार आपोआप हलायला लागलं की संशय. तो पॉप-अप अडवतो आणि तसं सांगणारं इवलंसं चिन्ह पत्त्याच्या पट्टीच्या पार टोकाला लावतो. नानांचा चष्मा तिथवर पोहोचत नाही. नाना पुन्हा दाबतात. मग आणखी जोरात दाबतात.

जाहिरातीसाठी आपोआप नवी खिडकी उघडणारा कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 2014 साली त्याबद्दल जाहीर माफी मागितली होती. हे मी नानांना कौतुकाने सांगितलं. म्हणाले, “माफीची पावती घेतली का कोणी?”

गेल्या रविवारी दीडच्या सुमाराला वीज गेली. संगणक बंद, सगळ्या खिडक्या गडप. मला मनातून बरंच वाटलं. वीज आली, ब्राउझरने अदबीने विचारलं, मघाची सगळी पानं परत उघडू का? नानांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मग ‘हो’ दाबलं. एकेक करत अख्खी सोसायटी परत हजर झाली.

मी म्हटलं, “नाना, माझी मार्चची तेवढी...”

नानांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजले होते. त्यांनी उठून कार्यालयाला कुलूप लावलं.